मदत हवी आहे: स्पोर्ट्स मेडिसिन शिकून सोलापुरात परत यावं का?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एम.एस. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकीच्या पदव्युत्तर कोर्सच्या, शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की वर्षभराचा सरकारी सेवेचा बॉण्ड. त्यापुढचं आत्ताच ठरवायला हवंय. मला खेळाडूंच्या दुखापतींवरच काम करायचं आहे, आणि तेही इथे राहून.

ओपीडीत येणारी पोरं बघून हे मनात पक्कं झालंय. खो-खो खेळणाऱ्या मुली, माळशिरसकडचे पैलवान, पोलीसभरतीच्या सोळाशे मीटरसाठी डांबरी रस्त्यावर पळून नडगी दुखवून घेतलेली मुलं. 'डॉक्टर, वळताना गुडघा सटकतोय' म्हणत एखादा येतो तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा आतला लिगामेंट, तुटून कितीतरी महिने झालेले असतात. तोवर कुणीतरी गुडघा चोळून दिलेला असतो, सूज उतरली म्हणून पोरगा परत मैदानात गेलेला असतो. मग गुडघा निसटेल तशी आतली गादीही फाटत जाते. वेळेत आला असता तर ती शिवून वाचवता आली असती, याचा फार त्रास होतो.

एम.डी. स्पोर्ट्स मेडिसिन हा तीन वर्षांचा वेगळा कोर्स, पण तो सर्जरीचा नाही आणि मला दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोडायची नाही. म्हणजे एक तर दोन वर्षांची एफएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप), जिला जागा मोजक्याच, नाहीतर पुण्या-मुंबईत एखाद्या सरांकडे आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे याच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची, फेलोशिप. प्रत्यक्ष हात चालवायला कुठे जास्त मिळतं? नुसता कॅमेरा धरून वर्ष जायला नको.

घरचे आणि सीनियर म्हणतात, जॉइंट रिप्लेसमेंट कर, खेळणाऱ्या पोरांकडे पैसे नसतात. ते खोटं नाही. एसीएलच्या जागी बसवायचा ग्राफ्ट रुग्णाच्याच मांडीतून घेतला तरी तो हाडात पक्का करणाऱ्या स्क्रू आणि बटणाचा खर्च राहतोच. मला त्याहून मोठी काळजी नंतरच्या व्यायामाची वाटते. खेळात परतायला साधारण नऊ महिने तरी लागतात, आणि सांगोल्याची किंवा करमाळ्याची मुलगी फिजिओथेरपीसाठी एसटीने किती दिवस येणार? ऑपरेशन चांगलं होऊनही मांडीत ताकद आली नाही, तर तिचा खेळ तिथेच थांबतो.

जिल्ह्याच्या गावात हे काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: सुरुवातीला फ्रॅक्चरची कामं सोबत ठेवलीत का? आर्थ्रोस्कोपीचा सेट स्वतः घेतलात की हॉस्पिटलचा वापरलात? आणि तालुक्यातल्या फिजिओथेरपिस्टना सोबत घेऊन, फोनवरून का होईना, व्यायाम करून घेणं कुणाला जमलंय का?