शब्दचर्चा: ‘गेलो होतो’चं ‘हॅड गॉन’ का होत नाही? आणि ‘पुट इट ऑफ’चा क्रम

प्रश्न: ‘काल बाजारात गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू द मार्केट यस्टरडे’ असं भाषांतर चूक का ठरतं? ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’च ना? शिवाय फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द जोडून होणारा प्रयोग) भूतकाळात वापरताना शब्दांचा क्रम चुकतो. सराव कसा करावा?

उत्तर: ‘होतो’ दिसला की ‘हॅड’, ही जोडी आधी डोक्यातून काढा. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे जाऊन आलो, विषय संपला; सोबत दुसरी घटना नसली तरी चालतं. इंग्रजी ‘हॅड’ला मात्र भूतकाळातलाच आणखी एक क्षण लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट घडून गेलेली असते. तो क्षण त्याच वाक्यात नसला तरी संदर्भात असायला हवा. नुसतं ‘काल’ असेल तर ‘आय वेन्ट’.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, शी लेफ्ट’: मी पोचलो आणि मग ती निघाली, म्हणजे गाठ पडली असणार. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, शी हॅड लेफ्ट’: मी पोचेपर्यंत ती निघून गेली होती, गाठ पडलीच नाही. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल तर क्रम त्या शब्दानेच कळतो, म्हणून तिथे बहुधा साधा भूतकाळ पुरतो.

पुरवणी: ‘आहे’च्या बाबतीतही हीच गफलत होते. ‘ते पुस्तक मी गेल्या वर्षी वाचलं आहे’ मराठीत खपून जातं, पण ‘आय हॅव रेड इट लास्ट इयर’ चालत नाही. यस्टरडे, लास्ट इयर, टू डेज अगो अशी सरलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ बाद, साधा भूतकाळ घ्यायचा.

उत्तर, क्रमाबद्दल: प्रत्येक फ्रेजल व्हर्बमध्ये ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून पाहा. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. ‘रन इनटू’ (अचानक भेटणं) मात्र फुटत नाही: ‘आय रॅन इनटू हिम’. ‘पुट अप विथ’ (सहन करणं) यासारखे तीन शब्दांचे बहुतेक प्रयोगही एकसंध राहतात. वहीत क्रियापद एकटं लिहू नका, सर्वनामासकट लिहा. क्रम आपोआप पाठ होतो.

अर्थासाठी आपल्याकडे एक तयार आधार आहे: ‘खाऊन टाक’, ‘संपवून टाक’ यांतला ‘टाक’. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ तेच काम करतो, क्रिया पुरी झाल्याचं दाखवतो. ‘गिव्ह अप’ किंवा ‘टर्न अप’ला हा नियम लावू नका, ते वेगळेच शिकावे लागतात.

प्रतिप्रश्न: ‘गेट’चे सगळे प्रयोग एकत्र पाठ केले तर?

उत्तर: नका करू. ‘गेट ऑन’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अवे’ एका बैठकीत घेतले की एकमेकांत मिसळतात. वेगवेगळ्या क्रियापदांचे चार-पाच प्रयोग घ्या. कार्डाच्या एका बाजूला पूर्ण मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणा आणि मगच कार्ड उलटा. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा. अडलेलं कार्ड परत पहिल्या दिवसावर.

प्रत्येक वाक्य तीन रूपांत म्हणा: ‘शी टर्न्ड इट डाउन’ (तिने ते नाकारलं), ‘शी डिडन्ट टर्न इट डाउन’, ‘डिड शी टर्न इट डाउन?’ खरी चूक दुसऱ्या-तिसऱ्या रूपात होते: ‘डिडन्ट टर्न्ड’, ‘डिडन्ट वेन्ट’. भूतकाळ ‘डिड’ने दाखवून झालेला असतो, म्हणून पुढे मूळ रूपच येतं.

आणखी एक: ‘पुट’चं भूतकाळी रूपही ‘पुट’च. त्यामुळे ‘ही पुट इट ऑफ’ हे वाक्य भूतकाळाचं आहे. वर्तमानात ‘ही पुट्स इट ऑफ’ झालं असतं. ‘आय पुट इट ऑफ’मध्ये मात्र ती खूण मिळत नाही, तिथे ‘यस्टरडे’सारखा शब्द किंवा संदर्भच पाहावा लागतो.