अनुभव धागा: "तब्येत सुधारली हो तुझी!"

धागाकर्ती

गेल्या महिन्यात आतेभावाच्या साखरपुड्यात मोठ्या काकूंनी मला जवळ ओढलं, दंड दाबून पाहिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "तब्येत छान सुधारली हो तुझी!" मी आजारी वगैरे काही नव्हते. धाकटी बहीण हसू दाबत म्हणाली, "काकू, जाड झालीस म्हणा की सरळ." झालं. जेवणं होईपर्यंत वाद. एचआरमधली वहिनी म्हणाली, कुणाच्या अंगाबद्दल बोलायचंच नाही, विषय संपला. मामांचं म्हणणं, "आता वजनकाट्यालाही सॉरी म्हणायचं का?"

इंग्रजीत हा वाद जुना आहे. २०१० मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यमंत्री अ‍ॅन मिल्टन यांनी डॉक्टरांना सुचवलं, 'ओबीज' काय म्हणता, सरळ 'फॅट' म्हणा. दुसरीकडे आग्रह असा की 'ओबीज पेशंट' असं लिहूच नये, 'ओबेसिटी असलेली व्यक्ती' लिहावं. मराठीत ही दुसरी तऱ्हा करून पाहिली. 'लठ्ठपणा असलेली आत्या.' जमत नाही.

शब्दांचा मात्र आपल्याकडे सुकाळ. जाड, लठ्ठ, ढोली, सुटलेली, भरलेली, आडव्या अंगाची, खात्यापित्या घरची आणि हल्लीचं 'हेल्दी'. हेल्दी हा सगळ्यात लबाड शब्द. कुठलाही इंग्रज माणूस तो ऐकून अभिनंदन करेल.

तर लिहा. लोक तुम्हाला काय म्हणतात, आणि आरशासमोर एकटे असताना तुम्ही स्वतःला काय म्हणता? डाएट सुचवणारे प्रतिसाद नकोत. जिरेपाणी माहीत आहे.

सुईदोरा

मी डोंबिवलीत २२ वर्षं ब्लाउज शिवते. पूर्वी टेप लावला की आकडा मोठ्याने सांगायचे, मदतनीस मुलगी वहीत लिहायची. "छाती ४४, दंड १६." एकदा एक बाई म्हणाल्या, "हळू बोला ना." दुकानात आम्ही तिघीच होतो. तेव्हापासून आकडा मीच लिहिते, तोंडातून काढत नाही.

बायका टेप लागला की श्वास आत ओढतात. तो सुटेपर्यंत मी थांबते. उगाच खडू शोधते.

आणि मापाचा ब्लाउज! सहा वर्षांपूर्वीचा आणतात, "हेच माप घ्या." तो घातला तर हूक मेले तरी लागणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मी म्हणते, "ताई, कापड आटलंय हे. नव्याने घेऊया." २२ वर्षांत एकीनेही "नाही हो, कापड नाही आटलं" असं म्हटलेलं नाही. आत दोन इंच मार्जिन सोडते, न विचारता.

काडीपैलवान

धागा फक्त जाडांचाच आहे का? मला शाळेत काडीपैलवान, पाप्याचं पितर, सुकट, सगळं म्हणून झालंय. त्याला कुणी असंवेदनशील म्हणत नाही. उलट वर, "तुला काय, तू खा बिनधास्त!" मी खाल्लं. बिनधास्त. ४१ व्या वर्षी साखर निघाली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, फक्त २१.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हापासून सगळ्यांना ऐकवतो. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दोघांनी २००४ मध्ये स्वतःचा फोटो देऊन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापलं. दिसायला बारीक, आतून लठ्ठ. याला मराठीत काय म्हणायचं ते सांगा. माझ्या बायकोने 'फसवा' सुचवलाय.

सातारा ते लेस्टर

इंग्लंडमध्ये शाळेच्या पहिल्या वर्षी आणि मग सहावीत मुलांचं वजन-उंची मोजतात आणि घरी पत्र येतं. लेकीचं आलं तेव्हा ती दहा वर्षांची. पत्र पालकांच्या नावाने होतं, पण पाकीट तिनेच फोडलं. त्यात 'ओबीज' लिहीत नाहीत, मुलांच्या बाबतीत मुद्दाम टाळतात. 'व्हेरी ओव्हरवेट' लिहितात. मऊ शब्द म्हणून. तिने मला विचारलं, "आई, व्हेरी म्हणजे किती?"

त्याच संध्याकाळी साताऱ्याला व्हिडिओ कॉल. सासूबाई खूश. "आता कशी भरलेली दिसतीय पोर! मागच्या वेळी नुसती चिपाड होती." लेकीला मराठी समजतं. "आजी, कशाने भरलेली?" सासूबाईंना वाटलं पोर गंमत करतेय. त्या म्हणाल्या, "तुपाने!" आणि दोघी हसल्या. खरं सांगते, त्या दिवशी ती हसली ती तेवढीच एकदा. कोणता शब्द संवेदनशील होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तालुक्याचा डॉक्टर

माझ्या बाजूने. आमच्यासाठी आकडे वेगळे आहेत. जगभर बीएमआय ३० ला लठ्ठपणा म्हणतात, भारतीयांसाठी २५ लाच, आणि २३ पासून जादा वजन. का, ते वर काडीपैलवान यांनी सांगितलंच आहे. पण २५ वाल्या माणसाला 'लठ्ठपणा' म्हटलं की तो मागे वळून बघतो, दुसरं कुणी आलंय का.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका २५ च्या वर होत्या आणि जवळजवळ १९ टक्के १८.५ च्या खाली. माझ्या ओपीडीत दोघी एकाच बाकावर बसतात. एकीला "वजन कमी करा" आणि दुसरीला "वाढवा", तेही पडद्याआडून ऐकू जाईल अशा आवाजात, असं मी बरीच वर्षं केलं. आता आधी विचारतो, "वजनाबद्दल बोलू का?" बहुतेक हो म्हणतात. एक आजी म्हणाल्या, "बोल, पण ते स्थूल म्हणू नको. मेल्यावर बातमीत लिहितात तसं वाटतं. जाड म्हण."

आणि आमच्यात तरी एकमत कुठे आहे? २०२५ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्याच आयोगाने लठ्ठपणाचे दोन भाग सुचवले, अवयवांना इजा झालेला आणि अजून न झालेला. म्हणजे हे आजाराचं नाव की अंगकाठीचं वर्णन, हेच अजून ठरतंय.

वैद्यबुवा

छोटी भर. चरकाच्या सूत्रस्थानातल्या २१ व्या अध्यायाचं नावच 'अष्टौनिन्दितीय'. आठ निंदित शरीरं: अति उंच, अति बुटका, अति केसाळ, केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अतिस्थूल आणि अतिकृश. निंदित, म्हणजे लोक नावं ठेवतात ते. यादीत गोराही आहे, हे लग्न जुळवणाऱ्यांना दाखवत जा.

जाड्या (कोल्हापूर)

आमच्या ग्रुपमध्ये बारक्या, काळ्या, चष्म्या आणि मी जाड्या. सगळ्यांच्या फोनमध्ये तसंच सेव्ह आहे. मला कधी लागलं नाही. नवीन ऑफिसात एकजण दुसऱ्याच दिवशी "काय जाड्या" म्हणाला, तेव्हा मात्र कानशील तापलं. त्याने अजून माझ्याबरोबर एक मिसळ खाल्ली नव्हती.

दोन वर्षांमागे कावीळ झाली. १४ किलो उतरलो. गल्लीत जो तो, "लई भारी बारीक झालास, काय केलंस?" कावीळ केली, म्हटलं. पण ग्रुपमधली पोरं बघायला आली तेव्हा बारक्या दारातच थांबला आणि मला नावाने हाक मारली. पहिलीपासून ओळखतो, कधी मारली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आता परत जाड्या आहे. ९२ किलो.

ओसरीवरची आजी

मी ६३. माझ्या लहानपणीच्या सुदृढ बालक स्पर्धेतलं बक्षीस, स्टीलची वाटी, अजून घरात आहे. म्हणजे वयाच्या दुसऱ्या वर्षी माझं अंग बक्षिसाचं होतं. १९८४ मध्ये बघायला आलेल्या मंडळींचं पत्र आलं: "मुलगी सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष आहे, परंतु अंगाने किंचित भरलेली असल्याने योग जुळेलसे वाटत नाही." किती नम्र पत्र! बाबांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून पंचांगात ठेवलं. शाळेत पोरं टुणटुण म्हणायची, सिनेमातल्या त्या जाड्या विनोदी नटीवरून, त्याचा राग केव्हाच गेला. (त्या बाई आधी उमादेवी नावाने पार्श्वगायिका होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पोरांना काय माहीत.) 'किंचित'चा राग अजून आहे.

स्वतःला मी जाडी म्हणते. दुसऱ्यांनी म्हणावं का? ह्यांनी म्हटलेलं चालतं. जावयांनी नाही.

सुईदोरा ताई, डोंबिवलीत कुठे असता? नातीच्या मुंजीसाठी, हो, आमच्याकडे मुलीचीही करतोय, दोन ब्लाउज शिवायचे आहेत.

सुईदोरा

पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटं. दुपारी तीननंतर या, गर्दी नसते. आणि आजी, मापाचा ब्लाउज आणू नका.