मामा तलावावर कंपनीवाल्यांचं श्रमदान: कामाचं की फोटोपुरतं?

पाळीवरचा
हा धागा काढायचं कारण: मागच्या रविवारी नागपूरच्या एका कंपनीची बस आमच्या तलावावर आली. भंडारा जिल्ह्यातला साकोली तालुका, हायवेपासून जवळच. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले हे माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली, पण धानाला पाणी आजही इथूनच जातं.

हिरवे टीशर्ट, हातमोजे, बॅनर. दुपारपर्यंत पाळ (तलावाचा बांध) चकाचक, हे नाकारत नाही. मग पोती बांधून वडाखाली रचली, त्यांच्यासमोर फोटो काढला, तर्रीपोहे खाल्ले आणि बस गेली. पोती तिथंच! पोह्यांच्या प्लेटाही त्याच पोत्यांत कोंबलेल्या, त्यामुळे रात्री कुत्र्यांनी ती फाडली. दोन दिवसांनी कोणीतरी उरलेल्याला काडी लावली.

माझं म्हणणं सरळ आहे. वेचणं हे निम्मं काम, नेणं हे उरलेलं निम्मं. न्यायची सोय नसेल तर येऊच नका. पसरलेला कचरा एका जागी आणून जाळण्यापेक्षा पसरलेला बरा.

हिंगणा शिफ्ट
मी अशा श्रमदानांना जातो, म्हणून बोलतो. कचरा आम्ही आणला होता का? पोत्यात सगळ्यात जास्त काय असतं सांगू? खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या. घोटून घोटून दुधाळ झालेली ती पन्नी चिखलात अशी चिकटते की मोजे घालून निघतच नाही. मोजे काढून नखानं उपसावी लागते. आठवड्याची एक सुट्टी, त्यात गुडघ्यावर बसून दुसऱ्याचा थुंकलेला खर्रा उचलायचा, आणि वर ऐकून घ्यायचं की येऊच नका? ठीक आहे, नाही येत.

जाळंवाला
भाऊ, रागावू नका. पन्न्या आमच्या गावच्याच, हाव. पण बाटल्या हायवेवरून येतात. थर्टी फर्स्टले गाड्या येऊन लागतात पाळीवर, पिऊन झालं का बाटली पाण्यात. आम्ही जाळं ओढासाठी छातीभर पाण्यात उतरतो, काच पायात घुसते. तलावाची लीज आमची मच्छीमार संस्था भरते, पाय आमचे कापतात. कंपनीवाल्यायनं काठावरची काच उचलली, तेवढी तरी कमी झाली ना? पोस्टवाले दादा तलावाच्या कामाले कधी दिसले नाहीत, अन् नियम सांगून राहिले.

पाळीवरचा
@जाळंवाला, मी दिसलो की नाही हा मुद्दाच नाही. पोती जाळली तेव्हा धूर तुमच्याच टोलीवर (वस्तीवर) गेला.

खडू-फळा
मला वेगळंच खुपतं. हे स्वयंसेवक खरंच मनानं येतात का? १ ऑक्टोबर २०२३ चं 'एक तारीख एक तास' आठवतं? सकाळी १० ला देशभर श्रमदान, तेही रविवारी. आमच्याकडे वरून निरोप आला की फोटो टाका, आणि हजेरीवर सहीसुद्धा. शाळेमागं कचरा कमी पडला म्हणून एकानं वर्गातली टोपली आणून ओतली आणि परत उचलली. साहेबाच्या धाकानं आलेला माणूस फोटो होईपर्यंतच वाकतो.

हिंगणा शिफ्ट
आमच्याकडे सक्ती नाही. पण मॅनेजर जातो म्हटल्यावर कोण घरी बसतो, हेही खरंच.

वऱ्हाडी माणूस
गाडगेबाबांच्या विदर्भात हा वाद व्हावा? १८७६ साली शेंडगावात जन्मलेला तो माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. कोणत्या कंपनीची परवानगी घेतली होती?

खडू-फळा
बाबा दिवसा झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहून त्याच लोकांना झापायचे. बस पकडून नागपूरला जात नव्हते. दरवेळी बाबांना मध्ये आणून वाद बंद करू नका हो.

भंगार-तराजू
आमचा धंदाच हा. पाण्याची बाटली मी किलोवर घेतो. चिप्सचं पाकीट फुकट दिलं तरी घेत नाही, कोणीच घेत नाही. प्लास्टिक आणि चकाकणारा पापुद्रा वेगळे होत नाहीत. असला माल सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत जाळता येतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. अडतं ते भाड्यावर. वजन काही नाही आणि जागा ट्रकभर. २०१६ च्या नियमांत पाकीट बनवणाऱ्यांवरच ते परत गोळा करायची जबाबदारी टाकलेली आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्चावे लागतात. टीशर्टांऐवजी ट्रकचं भाडं द्या म्हणावं. टीशर्ट कोणी मागितले होते?

पंचायतीतला
आता माझंही ऐका. सगळे ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतील, म्हणून आधीच सांगतो. केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला. ऐकायला मोठं वाटतं, पण नळयोजनेची मोटर एकदा जळली की त्यातलं काय उरतं ते येऊन बघा. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र धरलंय. तिथपर्यंत पोती न्यायला डिझेल कोण टाकणार? आणि धागाकर्त्याला विचारतो, कंपनीवाल्यांनी फोन केला नाही मान्य, पण पोती दोन दिवस पडून होती तेव्हा तुम्ही तरी केला का? ट्रॅक्टर माझ्या दारात उभा होता.

पाळीवरचा
केला नाही. पण पाहुण्यानं केलेला पसारा आवरायला मी तुमचा ट्रॅक्टर का मागायचा? त्यांनीच मागावा, डिझेलसकट.

हिंगणा शिफ्ट
डिझेलचं मी ऑफिसात विचारतो, नाश्त्याच्या खर्चात सहज बसेल. पाण्यातल्या बाटल्यांचं मात्र आमच्याकडून होणार नाही, निम्म्यांना पोहता येत नाही.

जाळंवाला
पाण्यात उतरूच नका. डोंगा आमचा, बाटल्या आम्ही काढून देतो, काठावर तुम्ही घ्या. पण त्या दिवसाची मजुरी बुडते, ते आधी बोलून घ्या. फुकटचं श्रमदान आमच्याच वाट्याले काहून?

पंचायतीतला
तारीख मला विचारून ठरवा. नोव्हेंबरात ट्रॉली मिळणार नाही, धानाची कापणी-मळणी असते.

भंगार-तराजू
मग महाशिवरात्र होऊन जाऊ द्या. जत्रेनंतर माल तसाही तेव्हाच जास्त निघतो.