आधी ऑप्टिमिस्ट, मग इल्का

भाऊ, तुम्ही विचारलंय की जळगावच्या १२ वर्षांच्या भाच्याला मुंबईत सेलिंगला टाकलं तर कुठल्या बोटीवर बसवतील, तर बहुतेक ऑप्टिमिस्टच, २.३ मीटरची, एका शिडाची, रेसला १५ व्या वर्षापर्यंत चालते. पुढे इल्का ही मोठी बोट, जुने लोक तिला लेझरच म्हणतात, इल्काचे तीन प्रकार, ४, ६, ७, खालची बोट तिन्हींत तीच पण चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे शीड लहानमोठं, आपली सेलर नेत्रा कुमनन टोकियो नि पॅरिस ऑलिंपिकला इल्का ६ वरच होती. काही जण म्हणतात पैसेवाल्याची बोट पळते, ते इथे फारसं खरं नाही, बोटी सगळ्यांच्या सारख्याच. शिडावर दोन्हीकडून लोकरीचे धागे चिकटवलेले असतात, वाऱ्याकडचा फडफडला की शीड जरा आत ओढायचं, खरी मजा त्यात. पोहणं मात्र आत्ताच शिकवा, हतनूर धरणात नको, स्विमिंग पूललाच.