खालचा वाडा ग्रुप : १० मार्चची रात्र

सोमवार, १० मार्च २०२५, सायंकाळी ७:०५

निलेश (पुणे) : राज्याचं बजेट झालं बरं का. ७ लाख कोटींच्या वर गेलं. महसुली तूट ४५,८९१ कोटी. लाडक्या बहिणींचे महिन्याचे २१०० आले नाहीत. कर्जमाफीवर अवाक्षर नाही.

सुमनकाकू : २१०० यंदा नाई का कदीच नाई?

निलेश : यंदाच्या बजेटमध्ये नाही काकू. १५०० सुरू राहतील.

सुमनकाकू : मंग राहू दे सुरू. तू होळीले येतं का नाई ते सांग.

प्रमोददादा : निलू, कर्जमाफीचं नीट पाय बरं एकदा. जाहीरनाम्यात व्हती.

निलेश : दोनदा पाहिलं दादा. नाही.

प्रमोददादा : मंग ३१ मार्चले भरू का नको? सोसायटीच्या पीककर्जाचे २ लाख ६० हजार हायेत. गावात कोणीच भरून नाई राह्यलं. सारे म्हणतात थांब, होते माफ.

बबन : भरू नको दादा. भरला तो फसला.

काकाजी : प्रमोद, बबनचं ऐकण्याआधी थोडा हिशोब ऐक. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतचं थकीत माफ झालं, वेळेवर भरणाऱ्याला फार तर २५ हजार. २०१९ च्या डिसेंबरात दोन लाखापर्यंत माफ केलं आणि पुढच्या बजेटात नियमितवाल्याला ५० हजार कबूल केले, ते खात्यात पडायला २०२२ ची दिवाळी उजाडली. दोन्ही वेळेस वेळेवर भरणारा मूर्ख ठरला आणि त्या मूर्खांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. पण तीन लाखापर्यंतचं पीककर्ज वर्षाच्या आत भरलं तर व्याज शून्य लागते. तारीख चुकली की ते शून्य गेलं, आणि मृगाच्या तोंडावर नवं कर्जही नाही. मग बियाणं, खत सगळं उधारीवर, दुकानदार लावील त्या भावानं. माफीत कोणत्या तारखेचं कर्ज बसवायचं हे सरकार मागाहून ठरवते. आपण आधी थकून बसायचं आणि तारीख दुसरीच निघायची.

सुमनकाकू : समोर खाटेवर बसून अर्ध्या घंट्यापासून हेच टाइप करून राह्यले. चहा थंडा झाला.

वैशाली (नागपूर) : 😂😂 काकाजी, तोंडानं सांगा न, तिथंच तर बसला असंल प्रमोददादा.

प्रमोददादा : मी वावरात हाव. काकाजी, तुमचं पटते जी. नवंजुनं करून टाकावं म्हणतो. पण त्याच्यासाठी आधी २ लाख ६० एकदम भरा लागतात, मंग आठ-दहा दिवसानं परत उचल भेटते. तेवढ्या दिवसाचे पैसे देणारा व्यापारी शेकड्याले दोन रुपये मांगते. म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज घ्याले पाच हजार व्याज!

निलेश : हे मला माहीतच नव्हतं.

बबन : पुण्यात नाई दिसत हे. बजेटमधीबी नाई दिसत.

निलेश : बबन, टोमणा नको. राज्यावरचं कर्ज पुढच्या वर्षाखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असं त्यांनीच लिहिलंय. साडेबारा कोटी माणसं धर. माणशी पाऊण लाखाच्या आसपास.

सुमनकाकू : माह्यावर पाऊण लाख? मी तं कुटी अंगठाबी नाई टेकवला.

बबन : तुमचे १५०० पन्नास महिने कापले की फिटते काकू.

सुमनकाकू : काप बरं, येतोच मी लाटणं घेऊन.

निलेश : गंमत सोडा. त्याच बजेटमध्ये बहिणींसाठी ३६ हजार कोटी आहेत. गेल्या वर्षी ४६ हजार कोटी सांगितले होते. आणि दुसरीकडे कंत्राटदार बिलांसाठी ओरडतायत. माझ्या पगारातून कर कापला जातो, मला विचारायचा हक्क आहे की नाही?

वैशाली (नागपूर) : विचार न. पण मीपण एक गणित घालते. एका बाईचे वर्षाचे १८ हजार. ३६ हजार कोटीला १८ हजारानं भाग. दोन कोटी बाया येतात. आज घेणाऱ्या त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणजे नावं कापणार. कोणाची कापतील? जिच्या घरी कोणी भांडायला नाही तिची.

सुमनकाकू : वैशू बरोबर बोलली. निलू तुले सांगतो. मागच्या राखीच्या टायमाले पयले तीन हजार आले. एक सिलेंडर भरलं, नातीले दप्तर घेतलं, बाकीचे बचत गटात टाकले. लग्नाले ३४ वर्स झाले, यायले विचारल्याबिगर खर्च केलेले ते पयले पैसे व्हते. तुह्या करातले असतीन तं असतीन. पुरणपोळी खायाले ये, त्यात फेडतो.

काकाजी : मी कधी नाही म्हटलं होतं?

सुमनकाकू : नाई नाई म्हटलं. फक्त कायले कायले म्हणत व्हते.

निलेश : 🙏 काकू, तुमच्या पैशावर माझा आक्षेप नाही. आक्षेप एवढाच की निवडणुकीत २१०० म्हणायचे आणि निवडून आल्यावर तिजोरी पाहायची. तिजोरी आधी नव्हती का दिसत?

प्रमोददादा : हे लाखातलं बोलला.

रात्री ८:४०

प्रमोददादा : आता माह्यं आयका. सारे म्हणतात शेतकऱ्याले लाईट फुकट. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, एप्रिल २४ पासून पाच वर्स. आपल्या विहिरीवर पाचची मोटर, तिचं बिल शून्य. मस्त. पण संत्रा विहिरीवर जगते का? विहीर फेब्रुवारीतच बुडाले लागली. संत्रा जगते बोअरवर. बोअर साडेसातशे फूट, त्याच्यात दहाची मोटर. तिले माफी नाई. म्हणजे जी मोटर चार महिने बंद, तिले फुकट. जी रोज चालते, तिचं बिल.

बबन : सोपं हाय. लोकाईनं काय केलं, कागदावर साडेसात लिवलं आन बोअरमधी

बबन : हा मेसेज डिलीट केला

वैशाली (नागपूर) : 👀

काकाजी : बबन, या ग्रुपवर आपली सोयरीकसुद्धा आहे, लक्षात ठेव.

निलेश : मग सोलर पंप का नाही घेत? मागेल त्याला मिळतो ना आता. आपला हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच. पुढं बिलच नाही.

प्रमोददादा : घेतो न. पण त्यातबी साडेसातच्या वर नाई भेटत. अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. साडेसातचा सोलर साडेसातशे फुटावरून वैशाखात पाणी फेकीन का? तुह्या कॉम्प्युटरले विचार.

निलेश : एवढ्या खोलीवर अवघड आहे खरं.

प्रमोददादा : तेच म्हणतो. हरभरा-गव्हाच्या माणसाले ते चांगलं हाय, मी वाईट नाई म्हणत. खालच्या शिवारात मामाजीनं पाचचा लावला. विहिरीले पाणी हाय त्याईच्या. सकाळी नवाले चालू, चार वाजता बंद, माणूस रात्रभर घरी. यंदाचा हरभरा दिवसा ओलला त्याईनं. मामीनं सांगतलं, दोन वर्सात पयल्यांदा हा माणूस घरी झोपला.

वैशाली (नागपूर) : वादळात त्यांच्याच सोलरच्या पाट्या मोडल्या होत्या न?

प्रमोददादा : हो. गेल्या मे महिन्यात वारा आला, सांगाडाच मुरगळला. चार पाट्या फुटल्या. पाच वर्स दुरुस्ती आन विमा कागदावर हाय, पण बसवून देणारा फोन नाई उचलत. पंधरा दिवस पऱ्हाटीच्या दोरीनं बांधून चालवला. शेवटी फोटो काढून तालुक्याले जाऊन बसले तवा माणूस आला.

काकाजी : या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोराडीत ६६० चे तीन संच. कोळसा विदर्भाचा, पाणी विदर्भाचं, राख विदर्भाची. आणि रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन बांधावर उभा कोण, तर विदर्भाचाच माणूस. मी शाळेत होतो तेव्हापासून हे ऐकतो आहे, पाहतो आहे. सरकारं किती आली-गेली, मोजणं सोडलं.

निलेश : काकाजी, मान्य. पण आता दिवसा वीज द्यायचंच काम चाललंय ना? सौर कृषी वाहिनी. १६ हजार मेगावॉट. गावाच्या सबस्टेशनजवळ पाट्या लावायच्या आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे फक्त शेतीच्या लाईनवर टाकायची. हे मला खरंच आवडलं. फुकटपेक्षा हे बरं. फुकट विजेचे वर्षाला १४ हजार ७०० कोटींच्या वर लागतात. ते दर वर्षी परत द्यावे लागणार. पाट्या एकदा लागल्या की लागल्या.

बबन : आपल्या गावात कुटी लावून राह्यले माहीत हाय का? ई-क्लासवर.

निलेश : ई-क्लास म्हणजे?

बबन : घ्या. पुण्याले गेला आन ई-क्लास इसरला. सरकारी चराई. नाल्याच्या पलीकडची. लहानपणी तू तथीच गायी घेऊन जात व्हता न आजाच्या.

सुमनकाकू : तथीच तं बोराच्या झाडावरून पडला व्हता. हात मोडला व्हता यायचा.

बबन : एका मेगावॉटले चार-पाच एकर लागते म्हणतात. कुंपण लागलं की गुरं कुटी न्यायची? गावात सव्वाशे गुरं हायेत. ज्याच्याजोळ वावर हाय तो बांधावर चारीन. ज्याच्याजोळ दोन बकऱ्याच हायेत तो?

प्रमोददादा : पण ग्रामपंचायतीले वर्षाचे पाच लाख, तीन वर्स, असं सांगतलं.

बबन : पंचायतीले. बकऱ्याले नाई.

वैशाली (नागपूर) : मग खासगी पडीत जमीन का नाही घेत? भाडं तर हेक्टरी सव्वा लाख देतात वर्षाला, दर वर्षी तीन टक्के वाढ.

प्रमोददादा : एकराले पन्नास हजार. मले विचारसान तं माह्या कोरडवाहू सोयाबीनपेक्षा जास्तच हाय ते. हमीभाव ४,८९२, बाजारात चार हजाराच्या आसपास अडकलं. मी दोन एकर द्याले तयार व्हतो. पण सबस्टेशन दूर पडते म्हणे.

काकाजी : ग्रामसभेत हा विषय आहे २४ तारखेला. बबन, तिथं बोल. इथं आपण अकरा जण आहोत, त्यातले चार झोपले.

बबन : बोलतो. पण काकाजी, तुमी पाट्याच्या बाजूनं का बकऱ्याच्या?

काकाजी : दिवसा वीज पाहिजे, म्हणून पाट्यांच्या. पण सगळा ई-क्लास देऊ नये. नाल्याकडची अर्धी जागा चराईला ठेवा, पाणवठ्याची वाट उघडी ठेवा, तसा ठराव लिहून घ्या. तोंडी नको. तोंडी आश्वासन काय असते ते आज बजेटात पाहिलंच.

बबन : अर्ध्यात भागत नाई जी. ते पावसायात पाहा, अर्धा तं नालाच घेऊन बसते.

काकाजी : मग सभेत मोजून दाखव.

प्रमोददादा : पाट्या लागन तवा लागन. तोवर आमच्या लाईनचं टाइमटेबल : तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री. या हप्त्यात रात्री. संत्र्याच्या आंबिया बहराची फळं आत्ता बोराएवढी हायेत. चार दिवस पाणी चुकलं की खाली सडा पडते. हे कोण्या बजेटात लिवते?

निलेश : दादा, दिवसा लाईन आणि बिल भरा, किंवा रात्री लाईन आणि फुकट. निवड म्हटलं तर?

प्रमोददादा : दिवसा. विचाराचं काम नाई. बिल मी भरतो.

बबन : मीबी दिवसा.

सुमनकाकू : मी तं पयले दिवसा. हे रात्री गेले की मले झोप नाई लागत. मागच्या महिन्यात पाटातच रोही (नीलगाय) उभा व्हता. बॅटरी मारली तं अंगावर आला. बबन बांधावरून पडला. सांगतलं नाई तुमाले, माय रागावली असती म्हणून.

वैशाली (नागपूर) : बबन?? हे कधी?

बबन : काई नाई ताई. गुडघा खरचटला. झालं.

निलेश : मला पण नाही सांगितलंत.

बबन : तू काय करतं तथून? ग्रुपवर 🙏 टाकतं.

निलेश : दादा, नवंजुनंचं ऐका. माझ्याकडे ८० हजार आहेत, एफडी मोडत नाही, सरळ खात्यात आहेत. २५ तारखेला टाकतो, उचल झाली की परत करा. वैशाली, तू?

वैशाली (नागपूर) : मी ५०. यांना विचारून सांगते. नाही, विचारत नाही. ५० नक्की.

सुमनकाकू : 😄

काकाजी : एक लाख माझ्या पेन्शनच्या खात्यातून. उरले तीस.

प्रमोददादा : तीस माह्याजोळ हायेत, तुरीचे. काकाजी, कागदावर लिवून ठेवतो कोणाचे किती.

काकाजी : लिहायचं असेल तर तारीखही लिही.

रात्री १०:१८

बबन : लाईन आली. चाललो.

सुमनकाकू : बूट घाल. चप्पल नको. काठी घे.

रात्री १०:४१

बबन : दोनच फेज हायेत. मोटर नुसती गुरगुरते, स्टार्टर नाई पकडत.

प्रमोददादा : बंद कर लगेच. जाळशीन. दहाची भरवाले सात-आठ हजार लागतात.

बबन : केली. फ्यूज पाह्यला, आपल्याकडचा बरोबर हाय. डीपीवरूनच, ट्रान्सफॉर्मरवरूनच, एक फेज गेलेली.

प्रमोददादा : लाईनमनले लावला फोन?

बबन : लावला. स्विच ऑफ.

सुमनकाकू : घरी ये मंग. भाकर झाकून ठेवली हाय.

बबन : नाई, बसतो घंटाभर. कवा कवा येते आपोआप.

निलेश : बबन, एकटाच आहेस का? फोन करू?

बबन : कर. पण चार्जिंग १२ टक्केच हाय.