बहिणीच्या केसचा निकाल विरोधात गेला, अपील करावं का?

राजारामपुरीकर:
धाकटी बहीण इंग्लंडात लेस्टरला गोदामात कामाला. वर्णावरून टोमणे, तक्रार केली तर पंधरवड्यात रात्रपाळी लावली. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलनं, म्हणजे तिथल्या नोकरीच्या वादांच्या कोर्टानं, दोन्ही तक्रारी फेटाळल्या. काल व्हिडिओ कॉलवर निकालाची २७ पानं कॅमेऱ्यापुढं धरून रडत होती. हिकडं आईचा चहा कपातच गार. साक्षीदार धडधडीत खोटं बोलला, त्यावर अपील चालतंय का?

जुना कारकून:
नुसत्या त्यावर अवघड हाय भावा. वरचं ट्रायब्युनल पुरावा परत तोलत न्हाई, कायद्याची चूक बघतंय. २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टचं कलम २७ म्हणजे तक्रार केली म्हणून उगवलेला सूड. रात्रपाळी का लावली हे निकालात तपासलंय, की एका ओळीत उडवलंय? ते बघा.

पन्हाळकर:
अपिलाची मुदत ४२ दिवस, निकालाची लेखी कारणं पाठवल्यापासून. शेवटच्या दिवशी दुपारी ४ च्या आत पोचलं पाहिजे, तेही तिथल्या घड्याळानं. खालच्याच ट्रायब्युनलकडं फेरविचाराचा अर्ज केला तरी हे दिवस थांबत न्हाईत, लई जण हितंच फसतात. फी न्हाई.

राजारामपुरीकर:
पान १४ चा फोटो आला. रात्रपाळीवर दीड ओळ.