बॅटरीविना बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) सेन्सर: आरएफमधून (रेडिओलहरींतून) ४६ मायक्रोवॅट मिळतात, तरी सर्किट सुरू होत नाही

शून्यबायस
९१५ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरपासून ६ मीटरवर तापमान-आर्द्रतेचा सेन्सर बॅटरीशिवाय चालवायचा आहे. ट्रान्समीटर १ वॅट, अँटेना ६ डीबीआय, कॅरियर अखंड चालू. नोडवर २ डीबीआयचा डायपोल, एल-मॅचिंग (अँटेना आणि सर्किट जुळवणारा भाग), एसएमएस ७६३० डायोडचा एका टप्प्याचा डबलर (लहरींचं डीसी करणारा रेक्टिफायर) आणि पुढे बीक्यू २५५७० ही ऊर्जा गोळा करणारी आयसी. तिच्या व्हीस्टोर (साठवणीच्या) पिनवर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (एक्स५आर, ६.३ व्होल्ट). एनआरएफ ५२८३२ या ब्लूटूथ चिपला पुरवठा थेट तिथूनच. दर १० मिनिटांनी एक रीडिंग, तिन्ही चॅनेलवर एकदा जोडणीविना प्रसारण, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग. बूटसकट एका फेरीला ०.८ मिलिज्यूल लागतात, हे मोजलेलं आहे.

रेक्टिफायर लोडशिवाय ०.९ व्होल्ट देतो, ५ किलोओहमवर ०.४८. पण व्हीस्टोर १.२ व्होल्टपर्यंत चढतो आणि तिथेच अडकतो, तासभर ठेवलं तरी. बाहेरून कपॅसिटर ४ व्होल्टपर्यंत भरून दिला तर चिप उठते, मात्र पॅकेट जाण्याआधीच रीसेट होते. डबलरचे टप्पे वाढवावेत का?

तरंगलांबी
टप्प्यांना हात लावू नका, रेक्टिफायर चांगला चाललाय. आकडेच बघा: ३६ डीबीएम ईआयआरपी (ट्रान्समीटर आणि त्याची अँटेना मिळून), ६ मीटरला मोकळ्या जागेतली घट ४७.२ डीबी, अँटेनाचे २ मिळवले की −९.२ डीबीएम, म्हणजे १२० मायक्रोवॅट. तुम्हाला ५ किलोओहमवर ४६ मिळतायत. ३८ टक्के! या पातळीवर एवढं पुरे. बूस्टमध्ये (व्होल्टेज वाढवताना) ३० टक्के गेले असं धरलं तरी १० मिनिटांत साधारण १९ मिलिज्यूल जमतात आणि तुमची गरज एकाच्याही आत आहे.

घोळ कोल्ड स्टार्टमध्ये, म्हणजे पूर्ण रिकाम्या अवस्थेतून सुरू होण्यात आहे. बीक्यू २५५७० चा मुख्य बूस्ट व्हीस्टोर १.८ व्होल्टच्या आसपास गेल्यावरच जागा होतो. तोवर आतलं छोटं सर्किट अगदी कमी कार्यक्षमतेने थेंब-थेंब भरत असतं, आणि त्या वेळी व्हीस्टोरवर काहीही लोड नको. तुमची चिप तिथेच जोडलेली आहे. १.७ व्होल्टच्या खाली ती चालत नाही, पण करंट मात्र पिते. जेवढं येतं तेवढं ती खाते, म्हणून १.२ वर तोल साधला जातो.

जोडणी अशी बदला. व्हीस्टोरवर फक्त ४.७ मायक्रोफॅरड (आणि शेजारी ०.१). साठवणीचा मोठा कपॅसिटर व्हीबॅटवर (बॅटरीच्या पिनवर). चिप व्हीआउटवर (आउटपुट पिनवर), १.८ व्होल्टला. व्हीआउट-ईएन पिन (आउटपुट चालू-बंद करणारी) व्हीबॅट-ओकेला (साठा पुरेसा असल्याचा इशारा देणारी) जोडा आणि व्हीबॅट-ओके चढताना ४.० व उतरताना २.४ व्होल्टला पलटेल असे रेझिस्टर निवडा. रिकामा कपॅसिटर पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा व्हीस्टोर बसून कोल्ड स्टार्ट पुन्हा होऊ शकतो, त्याने घाबरू नका.

व्हीओसी-सॅम्प पिन कुठे आहे? व्हीस्टोरला असेल तर लोडशिवायच्या व्होल्टेजच्या ८० टक्क्यांवर काम चालतं, ते सोलर पॅनेलसाठी. रेक्टिफायरला ५० टक्के हवेत, तेव्हा पिन ग्राउंडला. तुमच्याच मोजणीत ०.९ चं जवळपास निम्मं ०.४८ आहे.

गळतीशोधक
दुसऱ्या तक्रारीचं कारण कपॅसिटर. ६.३ व्होल्टचा एक्स५आर ४ व्होल्टवर निम्म्याहून जास्त धारकता गमावू शकतो. ४० मायक्रोफॅरड उरले असं धरा: ४.० ते २.४ व्होल्टमध्ये त्यातून ०.२ मिलिज्यूल निघतात. लागतात ०.८. रीसेट होणारच.

बकचा (व्हीआउटसाठी व्होल्टेज उतरवणाऱ्या भागाचा) तोटा धरून ०.९४ मिलिज्यूल लागतील. दुप्पट करून १०.२४ ने (४² वजा २.४²) भागा: १८४ मायक्रोफॅरड. ही ४ व्होल्टवर खरोखर उरलेली धारकता हवी, पाकिटावर छापलेली नव्हे. मी ३०० धरेन आणि १० किंवा १६ व्होल्टचे सिरॅमिक समांतर लावेन, उत्पादकाचा डीसी-बायस आलेख (व्होल्टेजप्रमाणे उरणारी धारकता) बघून.

इथे इलेक्ट्रोलायटिक लावायचा मोह टाळा. त्यांच्या गळतीची मर्यादा साधारण ०.०१ × धारकता × व्होल्टेज अशी दिलेली असते. ४७० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टला ती ३० मायक्रोअँपिअर येते. प्रत्यक्षात कमी गळेल, पण ४ व्होल्टवर तुमचा चार्जिंग करंटच ८ मायक्रोअँपिअर आहे. पॉलिमर याहून वाईट.

आणि बोर्ड धुवा! थ्रेशोल्डच्या रेझिस्टर-साखळीची बेरीज १३ मेगाओहम असते. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पातळ थर ओलावा धरून काही मेगाओहमचा समांतर रस्ता तयार करतो आणि ४.० चा थ्रेशोल्ड भलतीकडेच सरकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रश, मग सुकवणं. तपासताना प्रोग्रामर काढून ठेवा, त्याच्या तारांतून चिपला चोरवाटेने पुरवठा होतो. ऑसिलोस्कोपचा प्रोब १०× वर.

दोनटप्पे
टप्प्यांबद्दल थोडा मतभेद. बीक्यू २५५७० ला कोल्ड स्टार्टसाठी इनपुटला ०.६ व्होल्ट लागतात. आज ०.९ आहेत, पण मध्ये माणूस उभा राहिला की ४ डीबी सहज जातात आणि व्होल्टेज ०.६ च्या खाली येतं. सुरू झाल्यावर ०.१ व्होल्टपर्यंत चालतं, पण एकदा पूर्ण रिकामं झालं तर परत उठणार नाही. दोन टप्पे केले तर ही भीती जाते.

तरंगलांबी
भीती रास्त आहे, उपाय पटत नाही. −१० डीबीएमच्या खाली प्रत्येक जादा डायोड आपला वाटा कापून घेतो, शिवाय इनपुट कपॅसिटन्स वाढल्याने मॅचिंग अरुंद होतं. त्यापेक्षा बीक्यू २५५७० ऐवजी एईएम ३०९४० बसवा: कोल्ड स्टार्ट ०.३८ व्होल्ट आणि ३ मायक्रोवॅटला. मॅचिंग काहीही बदललं तरी व्हीएनएची (मॅचिंग मोजणाऱ्या नेटवर्क अॅनालायझरची) पातळी −१० डीबीएमवर आणि लोड जोडून मोजा. डायोडचा इम्पीडन्स पॉवरप्रमाणे बदलतो, ० डीबीएमवर जुळवलेलं सर्किट ६ मीटरवर जुळत नाही.

नवखा२४
हेच घरातल्या वायफाय राउटरवर चालेल का?

गळतीशोधक
नाही. २० डीबीएमच्या राउटरपासून ५ मीटरवर −३२ डीबीएम, म्हणजे ०.६ मायक्रोवॅट, तेही तो बोलत असेल तेवढा वेळच. रिकामा राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक छोटा बीकन पाठवतो, बाकी गप्प.

शून्यबायस
जोडणी बदलली, बोर्ड धुतला, व्हीबॅटवर ३३० मायक्रोफॅरड (बायससकट). आता दर दीड-दोन मिनिटांनी पॅकेट येतंय. फक्त टेबलाच्या एका कोपऱ्यात पूर्ण शांतता.

तरंगलांबी
परावर्तित लहरी तिथे एकमेकींना खोडतायत. ९१५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३३ सेंटिमीटर, त्यामुळे नोड ८ सेंटिमीटर सरकवून पाहा. नोड हलवता येत नसेल तर ट्रान्समीटरला दोन-तीन फ्रिक्वेन्सींवर आलटून-पालटून न्या. मात्र बदलताना कॅरियर तुटू देऊ नका: बीक्यू २५५७० दर १६ सेकंदांनी २५६ मिलिसेकंद थांबून उघडं व्होल्टेज मोजतो, आणि नेमका तेव्हा कॅरियर बंद असला तर पुढचे १६ सेकंद तो चुकीच्या बिंदूवर चालतो.